साडीच्या खोक्यातली 'विक्रांत'

"कागदाचं जहाज? अहो, ते तर पहिल्या पावसात अंगणात सोडायचं असतं!"

आमच्या शेजारच्या वहिनी असं म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. कारण तोवर माझ्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्या जहाजाने व्यापला होता, उरलेल्या अर्ध्या भागावर आम्ही तिघं अंग चोरून जेवत होतो, आणि 'ह्यां'च्या आमटीत एकदा कागदाचं इवलंसं विमानही सापडलं होतं. मैत्रिणींनो, हसण्यासारखंच होतं ते! पण हे जहाज करताना मी जे शिकले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बारामतीत जहाज कुठून आलं? आमच्याकडे ऊस, द्राक्षं, डाळिंबं, नीरेचा कालवा. कऱ्हेला पाणी असलं तर असलं. त्यातल्या त्यात मोठं पाणी बघायचं तर इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर जायचं. तिथेही होड्या आहेत त्या मासेमारीच्या. समुद्र आमच्या वाट्याला येतो तो शाळेच्या सहलीत, एक दिवस.

पण आमच्या घरात एक समुद्रावरचा माणूस आहे. ह्यांचे चुलते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. राहायला इंदापूरला. कोवळ्या वयात नौदलात भरती झाले आणि बरीच वर्षं 'विक्रांत'वर होते, बॉयलरच्या खात्यात. १९७१च्या लढाईतही ते तिच्यावरच होते. आज पंचाहत्तरी ओलांडली आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या काकू गेल्या आणि अण्णा गप्प झाले. तसं जेवण-खाण, फिरणं सगळं वेळेवर. फक्त बोलणं आटलं.

गेल्या दिवाळीत आम्ही इंदापूरला गेलो होतो. फराळाची ताटं पुढ्यात होती. अण्णांनी आमच्या चिरंजीवांना जवळ बसवलं. तो सातवीत आहे. आणि एकाएकी ह्यांना म्हणाले, "विक्रांत अजून मुंबईलाच हाय न्हवं? पोराला एकदा दाखवून आणा."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. कारण 'विक्रांत' आता नाही. १९९७ साली ३१ जानेवारीला ती नौदलातून निवृत्त झाली. मग मुंबईला तिचं संग्रहालय केलं होतं. पुढे ती सुरक्षित राहिली नाही म्हणून २०१२ साली तेही बंद झालं. लिलाव झाला आणि २०१४च्या अखेरीस दारूखान्यात तिला तोडायला सुरुवात झाली. हे अण्णांना कोणी सांगितलंच नव्हतं की ते विसरले होते? कोणाला काही कळेना. जाऊबाईंनी पटकन चकल्यांचा डबा पुढे केला, हे "हो, हो, आणू की" म्हणाले, आणि विषय संपला.

परत येताना एसटीत मुलगा मला म्हणाला, "आई, बाबा खोटं बोलले ना?"

काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, "आपण अण्णा आजोबांना विक्रांत करून देऊ." बोलून गेले खरी. गाडी तेव्हा जंक्शनच्या फाट्यावर थांबली होती. तिथून वालचंदनगरला रस्ता फुटतो. तेव्हा मला आमच्या शाळेतला एक धडा घेताना वाचलेलं आठवलं. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाचं हे गाव, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९१९ साली सिंदिया ही देशी आगबोट कंपनी काढली, आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. १९४८ साली तिथून 'जलउषा' हे जहाज पाण्यात उतरलं. त्याच वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्सही बनले. म्हणजे उसाच्या फडातून समुद्राला वाट जाते तर! मला उगाच धीर आला.

बेत आणि बेतणी

बाजारात तयार संच मिळतात, पण ते प्लॅस्टिकचे आणि भलते महाग. कागदाची प्रतिकृती हा फार जुना आणि गरिबाचा छंद. पोलंडमध्ये १९५७ साली मुलांसाठी एक मासिकच निघालं. त्याची पानं कापायची, चिकटवायची की विमान नाही तर जहाज तयार! आपल्याकडे तसं काही नाही. म्हणून आम्ही फोटो जमवले, मापं काढली आणि गणिताला बसलो.

जुनी 'विक्रांत' सुमारे २१३ मीटर लांब होती. चारशेने भागलं की ५३ सेंटिमीटर येतात. वरच्या डेकची रुंदी ३९ मीटर, म्हणजे पावणेदहा सेंटिमीटर. तिच्यावरचं 'सी हॉक' विमान १२ मीटरचं, ते झालं तीन सेंटिमीटर. आणि माणूस? चार मिलिमीटर! मोहरीपेक्षा मोठा आणि तांदळापेक्षा लहान. चिरंजीवांनी भागाकार इतक्या आवडीने केलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

पुठ्ठा कुठला घ्यावा? अण्णांच्या घरची आवराआवर करताना काकूंच्या कपाटातले रिकामे साडीचे खोके मी घरी आणले होते. काकूंनी एकेक जपून ठेवलेला. 'कशाला तरी उपयोगी पडेल' म्हणायच्या. पडले की! खोके सांगाड्याला, जाड लग्नपत्रिका डेकला आणि चित्रकलेचा कागद बाहेरच्या अंगाला. भिगवणजवळच कागदाचा मोठा कारखाना आहे, तिकडे कामाला असलेल्या एका पालकांनी थोडा गुळगुळीत कागद दिला, तो विमानांना वापरला.

आता कृती. मैत्रिणींनो, ज्या बाईला ब्लाउज बेतता येतो तिला जहाज करता येतं, हे मी अनुभवाने सांगते. आधी लांबीला एक उभी पट्टी घ्यायची, तो जहाजाचा कणा. मग दर तीन सेंटिमीटरला एक आडवा तुकडा, त्या बरगड्या. कण्याला वरून अर्धी खाच, बरगडीला खालून अर्धी खाच, आणि एकमेकींत अडकवायच्या. फराळाच्या डब्यातले पुठ्ठ्याचे कप्पे असतात ना, अगदी तसं. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच हवी. सैल झाली तर सांगाडा डुलतो, घट्ट झाली तर फुगतो.

त्यावर कातडं चढवायचं. मधला भाग सरळ असतो, खरी परीक्षा नाळेशी आणि मागे. तिथे कागद गोल वळतो आणि सुरकुत्या पडतात. मी आधी वर्तमानपत्राचा कच्चा बेत काढला. जिथे कागद गोळा झाला तिथे चिमटीत धरून खूण केली आणि चक्क टक्स घातले! ब्लाउजला घालतो तसेच, फक्त शिवायच्या ऐवजी कापून जोडले. नाळ अशी सुबक बसली की मी स्वतःवरच खूश झाले.

कागदालाही कापडासारखा उभा-आडवा धागा असतो बरं का. तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकेल त्या बाजूनेच गुंडाळी करायची. उलट्या बाजूने केली तर कागद मोडतो. डोलकाठ्या मी दाभणावर कागद गुंडाळून केल्या आणि रडारची जाळी शिवणाच्या दोऱ्याने. घडी घालायच्या रेघेवर आधी संपलेल्या बॉलपेनचं टोक पट्टीने दाबून ओढायचं, म्हणजे घडी धारदार येते. आणि कापलेली पांढरी कड रंगवून घ्यायची. ही एक गोष्ट केली नाही तर सगळी मेहनत कागदाचीच दिसते.

खळ, झुरळं आणि मोरचूद

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. काटकसर म्हणून मी पहिला सांगाडा मैद्याच्या खळीने चिकटवला. आठ दिवसांनी बघते तर बरगड्या वाकलेल्या आणि चिकटवलेल्या जागा झुरळांनी कुरतडलेल्या! खळीत पाणी फार, त्याने पुठ्ठा फुगतो. आणि मैदा म्हणजे झुरळांना मेजवानीच. मग आठवलं, आमच्या लहानपणी वह्या बांधणारे खळीत मोरचुदाची चिमूट टाकायचे ते यासाठीच. पण मोरचूद विषारी. घरात लहान मूल असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका, आणि स्वयंपाकाचं भांडं तर त्याला मुळीच लावू नका. मी सरळ फेव्हिकॉलवर आले. तोही बोटभर नाही, टूथपिकच्या टोकाएवढा. जास्त लागला की कागद रडवेला होतो.

दुसरा सांगाडा उभा राहायला महिना गेला. तास-दीड तास मिळायचा तो दुपारी शाळेतून आल्यावर. "एवढ्या वेळात वाळवण झालं असतं", "शिकवणी घेतली असती तर चार पैसे मिळाले असते", असं सगळं ऐकून झालं. आणि खरं सांगू? ऐकताना मलाही अपराधी वाटायचं. जहाज करून कोणाचं पोट भरणार होतं?

"तू आम्हालाच कापलंस"

जानेवारीत अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारामतीला आमच्याकडे आले. जहाज लपवायला जागा नव्हती. मी आदल्या रात्री त्यावर जुनी ओढणी टाकून ठेवली. सकाळी चहा घेऊन बाहेर येते तर ओढणी बाजूला आणि अण्णा चष्मा नाकाशी आणून त्या उघड्या सांगाड्याकडे बघताहेत. तोपर्यंत फक्त एका बाजूचं कातडं चढवलं होतं, बाकी बरगड्याच.

माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, आता विचारतील.

"तोडताना अशीच दिसली आसंल न्हाय ती?" अण्णा म्हणाले. "आधी डेक काढलं आसंल, मग ह्या फ्रेमा."

मी कप खाली ठेवला. "अण्णा, तुम्हाला माहीत आहे?"

"आगं, मला ठाऊक नाय व्हय? पेपरात वाचलं की तवाच."

"मग दिवाळीत तुम्ही असं का विचारलंत?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. बरगडीवरून बोट फिरवत राहिले. माझा सगळा पुठ्ठा साडीच्या खोक्यांचा, त्यामुळे बरगड्यांवर दुकानाची छापील नक्षी तशीच होती. एका बरगडीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे खोकं माझ्या साठीच्या साडीचं. मोरपंखी व्हती." मग म्हणाले, "कुणी तिचा विषय काढत न्हाई. हिचाबी आन् तिचाबी. मी आलो की सगळी गप व्हता. म्हनून म्हनलं, आपनच इचारावं. कुनीतरी सांगंल, बोलनं तरी हुईल."

मैत्रिणींनो, मी काय बोलणार? तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी अण्णांना जपलं होतं. त्यांच्यासमोर काकूंचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्या हातच्या पुरणपोळीची आठवण काढायची नाही, फोटोला हार घालताना पटकन घालून बाजूला व्हायचं. त्यांना दुःख होईल म्हणून. आणि ते बिचारे वाट पाहत होते, कोणीतरी तिच्याविषयी दोन शब्द बोलावेत म्हणून! आमचं जपणं त्यांना एकटं पाडत होतं.

मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "काकूंनी ती मोरपंखी साडी माझ्या डोहाळजेवणाला नेसली होती." बस्स. त्यानंतर चहाचे दोन कप झाले, शाळेला मला उशीर झाला, पण अण्णा बोलत होते.

दोन दिवसांनी ते जहाजावर आले. आत हात घालून म्हणाले, "हे तर पान्याच्या रेघंवरच कापलंय."

मी म्हटलं, "हो, खालचा भाग दिसत नाही, म्हणून केलाच नाही. टेबलावर नीट बसतं."

"बॉयलर खालीच आसत्यात. आमी खालीच व्हतो. तू आमालाच कापलंस की!"

ते हसत म्हणाले, पण मला लागलं. मग त्यांनी सांगितलं. १९७१ साली 'विक्रांत'च्या चार बॉयलरपैकी एकाच्या ड्रमला तडे गेले होते, त्यामुळे वेगावर मर्यादा होती. तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं. तिला शोधायला आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमपाशी बुडाली. 'विक्रांत' तेव्हा अंदमानकडे होती. ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बझार अशी बंदरं बंद पाडली. इतिहास शिकवताना हे मी वर्गात सांगते. पण अण्णा म्हणाले, "इमान उडताना मी एकदाबी धड बघितलं न्हाई. वर काय चाललंय त्ये आवाजावरनं कळायचं. वाफ कमी पडली तर इमान उडायचं न्हाई, एवढंच आमाला ठावं." डेकवरून विमान झुगारून देणारी यंत्रणाही वाफेवरच चालायची ना! वर डेकवर फोटो निघत होते आणि खाली ही मंडळी घामाने निथळत आगीशी बसलेली. मला माझं स्वयंपाकघर आठवलं. लग्नाच्या पंगतीचा फोटो निघतो, पण चुलीपाशी उभ्या असलेल्या बायका त्यात कुठे असतात?

मी जहाज उलटं केलं. सात मीटरचा बुडालेला भाग म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. तेवढ्या नव्या बरगड्या खालून जोडल्या. मग बॉयलर करायला मी कागदाच्या चार सुरळ्या केल्या तर अण्णांनी त्या बाजूला सारल्या. "बॉयलर म्हंजे पिंप न्हवं. वर एक ड्रम, खाली दोन, मधी नळ्या. तंबूवानी दिसतंय." ऑपरेशन झाल्यावर डोळ्यावर हिरवी पट्टी असताना ते बोटांनी चाचपून सांगायचे आणि नातू चिकटवायचा. दोन बॉयलर एका खोलीत, दोन दुसरीत. एकावर अण्णांनी नखाने बारीक रेघ ओढायला लावली. तोच तडा.

मग मी कातडं बंद केलं. आता ते बॉयलर कोणाला दिसणार नाहीत. "दिसायला कशाला पायजेत? हायेत न्हवं?" अण्णा म्हणाले.

मुलाने त्यांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. २०१६ साली बजाजने 'विक्रांत'च्या पोलादाचा अंश वापरून मोटारसायकल काढली होती, हे ऐकून ते खूश झाले. "म्हंजे ती आजून पळतीया." आणि २०२२ साली २ सप्टेंबरला कोचीला नवी 'विक्रांत' नौदलात आली, २६२ मीटर लांब, गॅस टर्बाइनवर चालणारी. त्यावर त्यांचा प्रश्न एकच. "बॉयलर न्हाईत? मग पोरं जेवण गरम कशावर करत्यात?" आम्ही हसलो, तेही हसले.

तुम्हीही करून पाहा

एकदम विमानवाहू जहाज नको. आधी वीतभर लांबीची साधी नौका करा. दिवाळीच्या किल्ल्यापाशी शिवरायांच्या आरमाराचं गलबत किती शोभून दिसेल! लागणारं सामान थोडंच आहे: साडीचे खोके, जुन्या पत्रिका, चित्रकलेचा कागद, स्टीलची पट्टी, धारदार कटर, फेव्हिकॉल, टूथपिक, दाभण, दोरा आणि जलरंग. कटर मुलांच्या हाती देऊ नका, कापणं तुमच्याकडे, गणित आणि रंग त्यांच्याकडे. खाली जुना पाट घ्या, नाहीतर टेबलावर चरे पडतात. झालेली वस्तू पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमटपणा धरतो. काचेच्या पेटीत ठेवा आणि कोपऱ्यात दोन कापराच्या वड्या टाका. मला सगळा खर्च तीनशे रुपयांच्या आत आला, पेटीचा वेगळा.

आणि घरात कोणी थोर माणूस गप्प झालेलं असेल तर त्याला हातात काहीतरी काम द्या, आणि ज्याचं नाव घ्यायला आपण सगळे घाबरतो ते नाव सहज घ्या. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. त्याने काही बिघडत नाही.

पाडव्याला आम्ही जहाज मांडीवर घेऊन एसटीने इंदापूरला गेलो. जंक्शनला चढलेल्या एका बाईंनी जागा दिली आणि विचारलं, "कुठली बोट हो ही?" मुलाने सगळा इतिहास सांगितला, निमगाव केतकी येईपर्यंत. आता ती अण्णांच्या बैठकीत काकूंच्या फोटोखाली आहे. कोणी आलं की अण्णा आधी फोटो दाखवतात, मग जहाज, आणि म्हणतात, "आत चार बॉयलर हायेत. दिसत न्हाईत, पर हायेत."

शेजारच्या वहिनींनी परवा त्यांच्याकडचे सहा साडीचे खोके आणून दिले. म्हणाल्या, "आमच्या मामंजींची रेल्वेत नोकरी होती. इंजिन जमेल का हो?"